कपटद्यूत आणि कच्चा लिंबू : ऑनलाइन खेळांतील फसवणुकीसंबंधी काही विचार

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. छत्तीसगढातील मराठी समाज काही कालपरवा येथे आलेला नाही. रतनपूरला बिंबाजी भोसल्यांचा अंमल बसला तो १७५८ च्या सुमारास. तेव्हापासून काही घराणी या मुलखात राहिली, आणि पुढे इंग्रजी अमदानीत कचेऱ्या, शाळा व रेल्वे यांच्या निमित्ताने नागपूरकडून आणखी कुटुंबे आली. या घरांतल्या आजच्या मुलांच्या बोलण्यात मराठीची क्रियापदे आणि प्रत्यय शाबूत असतात, नामे मात्र पुष्कळदा हिंदीतून आलेली असतात. भाषेच्या अभ्यासकाला हे मिश्रण नवे नाही. तथापि एकदा या मिश्रणाने जो घोटाळा केला तो सांगण्यासारखा आहे, कारण प्रस्तुत लेखाचा विषय मला त्या घोटाळ्यातूनच सापडला.

चौबे कॉलोनीतल्या एका परिचित घरी संध्याकाळी बसलो असता आठवीत शिकणारा नातू आतून आला आणि म्हणाला, "आजी, माझ्यासोबत धोका झाला." आजी दचकून उठल्या. मुलाचे हातपाय चाचपीत त्यांनी विचारले, "कुठं लागलं? गाडी आडवी आली का रे?" मराठीत धोका म्हणजे प्रामुख्याने संकट, अपघाताचा संभव, हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक. नातवाला दुसरा अर्थ अभिप्रेत होता, आजींना पहिला ऐकू आला. खुलासा व्हायला पाच मिनिटे लागली.

मोबाइलवर अनेक जण एकाच वेळी ज्या नेमबाजीच्या खेळात उतरतात, तशा एका खेळात हा मुलगा दोन वर्षे रमला होता. वाढदिवसाचे आणि दिवाळीचे पैसे साठवून त्याने खेळातल्या आपल्या पात्रासाठी पोशाख आणि नक्षीच्या बंदुका घेतल्या होत्या. खेळातच भेटलेल्या, प्रत्यक्षात कधी न पाहिलेल्या एका 'भैया'ने त्याला सांगितले की, तुझे खाते दोन दिवस माझ्याकडे दे, मी तुझ्या नावाने खेळून तुझी श्रेणी वर नेतो. मुलाने परवलीचा शब्द दिला. दोन दिवसांनी तो शब्द बदललेला होता आणि भैया नाहीसा झाला होता. हे घडून तीन आठवडे लोटले होते, आणि त्या तीन आठवड्यांत मुलाने घरात अवाक्षर काढले नव्हते. आजी म्हणाल्या, "पण तू आपली किल्ली त्याला दिलीस कशाला?" मुलगा खाली मान घालून म्हणाला, "तो प्रो होता. मी नूब आहे."

'प्रो' म्हणजे मुरलेला खेळाडू. 'नूब' म्हणजे नवशिका, पण तुच्छतेने म्हटलेला. या छोट्या प्रसंगात तीन गोष्टी आहेत: एकाने दुसऱ्याच्या नावाने खेळणे, जाणत्याने अजाणत्याला गाठणे, आणि हरलेल्याने गप्प राहणे. अशा विषयाचा साहित्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु भारतीय वाङ्मयात खेळातील फसवणुकीविषयी जेवढा जुना आणि सलग विचार झालेला आहे तेवढा फार थोड्या वाङ्मयांत झाला असेल, आणि वरील तिन्ही गोष्टी त्यात नावानिशी आलेल्या आहेत. इतकेच नव्हे, तर आजच्या न्यायालयांत व संसदेत जो वाद झाला त्यातील मुख्य युक्तिवादही तेथे मांडलेला आढळतो. तो मांडणारा शकुनी आहे.

शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते आणि म्हणून ते त्याच्या मनासारखे पडत, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत, फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलेल्या सभापर्वात, ही कथा नाही. ती लोकपरंपरेची भर आहे. संहितेत एवढेच वारंवार सांगितले आहे की शकुनीने कपटाचा आश्रय घेतला आणि 'जिंकले' असे म्हटले. कपट नेमके कोणते, फासे बदलले की हातचलाखी केली, हे कवी सांगत नाही. लोकपरंपरेला ही मोकळी जागा सहन झाली नाही, आणि तिने ती हाडांच्या फाशांनी भरून काढली. लोकमानसाची ही गरज समजण्यासारखी आहे: फसवणूक वस्तूत असली की माणसाला हायसे वाटते, कारण वस्तू फेकून देता येते.

महाभारतकाराचे लक्ष मात्र दुसरीकडे आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी युधिष्ठिर आणि शकुनी यांच्यात एक छोटासा संवाद होतो. द्रौपदीच्या प्रश्नाच्या तेजापुढे तो झाकोळून जातो व अभ्यासकांकडूनही थोडा उपेक्षित राहतो. युधिष्ठिर म्हणतो की द्यूत हे कपट आहे, पाप आहे, त्यात क्षात्र पराक्रम नाही. शकुनीचे उत्तर, थोडक्यात, असे: वेदज्ञ अवेदज्ञाला भिडतो, विद्वान अविद्वानाला भिडतो, तेव्हा तोही एका परीने कपटानेच भिडतो, पण लोक त्याला कपट म्हणत नाहीत. मग फाशांत जाणत्याने अजाणत्याला भिडणे तेवढे कपट कसे? तुला भीती वाटत असेल तर खेळू नकोस. यावर युधिष्ठिराजवळ उत्तर नाही. आव्हान आले असता मी माघार घेत नाही, एवढेच तो म्हणतो. त्यानंतर दुर्योधन जाहीर करतो की पण मी लावीन आणि माझ्या वतीने मामा खेळेल. तेव्हा एकाने दुसऱ्याकरिता खेळणे मला विषम वाटते, अशी नोंद युधिष्ठिर करतो आणि तरीही खेळायला बसतो.

चौबे कॉलोनीतला 'भैया' हा या 'विषम' खेळाचाच आधुनिक धंदा करतो. दुसऱ्याच्या खात्यावरून खेळून त्याची श्रेणी चढवून देणे ही आज जगभर पैसे घेऊन दिली जाणारी सेवा आहे, आणि बहुतेक खेळांच्या नियमांत ती निषिद्ध आहे. फसणारा मुलगा तेथे अर्धा फसवणारा असतो, हे विसरून चालणार नाही. श्रेणी चढली असती तर समोरच्या खेळाडूंना तो जेवढा नव्हता तेवढा वाटला असता. तक्रार करायला जीभ रेटत नाही ती यामुळेही.

शकुनीच्या युक्तिवादाचे मर्म असे की कौशल्याच्या विषमतेला कपट म्हणता येत नाही. आपल्या कायद्याने हे तत्त्व पुष्कळ काळ मान्य केले होते. १८६७ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमाने जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि अड्ड्यात सापडलेल्या खेळाडूला शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद सांगितली. पण निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यातून वगळले. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण खटल्यात रमीचा विचार केला, तेव्हा कोणती पाने पडली हे ध्यानात ठेवावे लागते, कोणते पान धरावे आणि कोणते टाकावे यात कसब लागते, म्हणून तीनपत्तीप्रमाणे रमी हा केवळ नशिबाचा खेळ नव्हे, असा निर्वाळा दिला. पुढे मोबाइलवर पैसे लावून रमी खेळवणाऱ्या कंपन्यांची सगळी इमारत या निर्वाळ्यावर उभी राहिली. मंडळात दुपारी चौघे ओळखीचे लोक जी रमी खेळतात तिचा विचार करून दिलेला शब्द, एकमेकांना न दिसणाऱ्या लाखो माणसांना लागू करण्यात आला. कौशल्याचा खेळ म्हणजे कपट नाही, हे तत्त्व खरे. पण पट कोणी मांडला, फासे कोणाच्या हातात आहेत, आणि समोर बसलेला कोण आहे, हे तीन प्रश्न त्या तत्त्वाच्या आड झाकले गेले.

या तीन प्रश्नांकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अनेकांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन खेळांत सर्व फसवणूक एका जातीची नसते. आपल्याकडच्या तीनपत्तीत हातात काही नसताना चाल वाढवणे ही फसवणूकच, पण ती खेळाचा गाभा आहे. मराठीत 'डाव' या एकाच शब्दात पाळी, खेळ आणि कारस्थान हे तिन्ही अर्थ नांदतात ते उगाच नाही. आइसलँडमधील एका कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेला 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातील व्यापाराचा व युद्धाचा खेळ या बाबतीत टोकाचा आहे. तेथे २००५ मध्ये 'गाइडिंग हँड सोशल क्लब' या नावाच्या खेळाडूंच्या टोळीने प्रतिपक्षाच्या संस्थेत आपली माणसे शिरवली, महिनोन्‌महिने त्यांना तेथे विश्वासाने वागू दिले, आणि एके दिवशी सर्व कोठारे लुटून प्रमुखाचे जहाज उडवून दिले. लुटीची किंमत त्या वेळच्या हिशेबाने साडेसोळा हजार अमेरिकी डॉलरांच्या घरात होती. चालकांनी कोणालाही शिक्षा केली नाही. विश्वासघात हा त्या जगाच्या नियमांत बसणारा होता आणि तेथे येणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असल्याचे गृहीत होते. मुद्राराक्षस वाचलेल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखे काही नाही. चाणक्याचे हेर राक्षसाच्या घरात असेच वावरतात.

याच्या पलीकडची जात म्हणजे नियम मोडणारी लबाडी. बंदुकीचा नेम आपोआप धरणारी किंवा भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारी चोरटी प्रणाली मोबाइलवर चढवली जाते. २००७ मध्ये पैसे लावून पोकर खेळण्याच्या एका परदेशी संकेतस्थळावर तर एका खात्याला इतर सर्वांची झाकलेली पाने दिसत असल्याचे उघड झाले. ते उघड झाले तेही मजेदार रीतीने: हरलेल्या एका खेळाडूने आपल्या डावांचा तपशील मागवला, आणि चुकून त्याला सर्वांच्या पानांसह संपूर्ण नोंद पाठवली गेली. तिसरी जात खेळाच्या बाहेरून येते: फुकट नाणी देतो म्हणून दुवा पाठवायचा, खोट्या पानावर परवलीचा शब्द काढून घ्यायचा, 'तुझी तलवार दे, दुप्पट करून देतो' म्हणायचे. दामदुप्पट हा शब्द आपल्या पूर्वजांनी सावकाराच्या लोभाला मर्यादा घालण्यासाठी वापरला होता. आता तो आमिषाच्या कामी आला आहे. या तिसऱ्या जातीला कायदा साधी ठकबाजी मानतो. भारतीय दंड संहितेचे कलम ४२० जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आले, तरी लोकांच्या तोंडी ठक हा 'चारसोबीस'च आहे आणि बहुधा राहील.

या सर्वांहून निराळी, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर जात चौथी: जेथे पट मांडणाराच फसवतो. याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. मुंबई-हावडा लोहमार्गावरची गावे पुरतात. रायपूरपासून तासाभराच्या अंतरावरील भिलाईशी संबंधित 'महादेव बुक' या सट्ट्याच्या ॲपचे प्रकरण २०२३ मध्ये देशभर गाजले. दुबईहून चालणाऱ्या या व्यवहाराच्या शाखा 'पॅनेल' म्हणून वाटल्या जात आणि नफा सत्तर-तीस या प्रमाणात विभागला जाई, असे अंमलबजावणी संचालनालयाचे म्हणणे. एकंदर हिशेबात पॅनेल चालवणाऱ्याला तोटा होऊ नये अशा रीतीने सट्टा फिरवला जाई, असेही संचालनालयाने म्हटले. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने महादेव बुकसह बावीस ॲप व संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला. आरोपांचा निवाडा न्यायालये करतील. येथे प्रश्न फक्त रचनेचा आहे.

त्याच वर्षीच्या जुलैत याच मार्गावरील नागपूर आणि गोंदिया ही दोन नावे वृत्तपत्रांत आली. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने पोलिसांकडे तक्रार नोंदवली की गोंदियाच्या एका परिचिताने आग्रह करून आपल्याला ऑनलाइन सट्ट्याचा दुवा दिला. खात्यात आठ लाख रुपये दिसले. सुरुवातीला जिंकणे झाले. आणि मग जवळजवळ सर्वच डाव उलटत गेले. तक्रारीतील आकडे असे की जिंकलेली रक्कम पाच कोटींची आणि गमावलेली अठ्ठावन्न कोटींची. गोंदियाच्या घरावर छापा पडला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंच्या हिशेबात सोने सापडले. हे प्रकरणही न्यायालयाच्या अधीन आहे. मला त्यात लक्षणीय वाटते ते पहिले जिंकणे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात बेहड्याच्या फळांच्या फाशांविषयी जुगारी जे बोलतो त्याचा आशय हाच आहे: ते मधाने माखलेले असतात, मुलासारखे हातात काही देतात आणि दिलेले पुन्हा हिरावून घेतात. सट्ट्याच्या ॲपची सर्व मानसशास्त्रीय रचना या एका निरीक्षणात येऊन जाते.

फासे कोणाच्या हातात, या प्रश्नाचा एक भाग गणिताचा आहे, आणि त्याचीही आठवण आपल्या आख्यानांनी ठेवली आहे. वनपर्वातील नलोपाख्यानात कली नलाच्या देहात शिरतो आणि द्वापर फाशांत. नल सर्वस्व हरतो. मराठी वाचकाला नल-दमयंती म्हटले की रघुनाथपंडिताचे आख्यान आठवते, परंतु त्याचा विषय स्वयंवर. द्यूताची कटू कथा त्यात नाही. मूळ कथेत नलाची सुटका होते ती कोणाच्या कृपेने नव्हे. ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे न तोडता मोजून दाखवतो आणि 'अक्षहृदय', म्हणजे फाशांचे अंतरंग, नलाला शिकवतो. ते कळताच कली देहातून बाहेर पडतो. संख्येचे ज्ञान झाल्याबरोबर भूत उतरते, ही कल्पना मला नेहमीच विलक्षण आधुनिक वाटत आली आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील काही संगणकतज्ज्ञांनी एका ऑनलाइन पोकरच्या पत्ते पिसण्याच्या प्रणालीचे असेच अंतरंग उघडले. बावन्न पत्ते जितक्या प्रकारांनी लागू शकतात ती संख्या अडुसष्ट अंकी आहे. पण ती प्रणाली पिसण्याची सुरुवात घड्याळातील वेळेवरून करीत असल्याने, दिवसाच्या ८ कोटी ६४ लाख मिलिसेकंदांपलीकडे वेगळे पिसणे तिला शक्यच नव्हते. आणि घड्याळे जुळवली की उरणाऱ्या शक्यता सुमारे दोन लाखांवर येत. समोरची चार-पाच पाने पाहून बाकीची सर्व ओळखता येऊ लागली. तज्ज्ञांनी हे जाहीर केले म्हणून ते अक्षहृदय. जाहीर केले नसते तर ते शकुनीचे कौशल्य ठरले असते.

आता हरलेल्याच्या मौनाकडे येऊ. या बाबतीत कौटिल्याइतके नेमके कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटी द्यूताचे प्रकरण आहे, रा. प. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेल्या आवृत्तीत ते जिज्ञासूंनी पाहावे. द्यूताध्यक्षाने खेळ एकाच ठिकाणी चालू द्यावा, इतरत्र खेळणाऱ्याला बारा पण दंड करावा, फासे त्याने स्वतः आणि निर्दोष द्यावेत, जिंकलेल्या धनातून शेकडा पाच आणि फाशांचे भाडे घ्यावे. (आपल्या काळात सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून पैशांच्या ऑनलाइन खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर शेकडा अठ्ठावीस वस्तू व सेवा कर घेतला. कौटिल्याला लोभी म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.) यापुढे तो पूर्वाचार्यांचे मत नोंदवतो: द्यूताच्या वादात जिंकणाऱ्याला प्रथम साहसदंड आणि हरणाऱ्याला त्याहून मोठा मध्यम साहसदंड असावा, कारण हरणारा मूर्खासारखा जिंकण्याची हाव धरतो आणि हार सोसत नाही. कौटिल्य म्हणतो, नाही. हरलेल्याला दुप्पट दंड केला तर राजाकडे कोणी येणारच नाही. आणि जुगारी हे बहुधा खोटे खेळणारेच असतात.

फसलेल्याच्या माथी मूर्खपणाचा शिक्का मारला की फसवणारा निर्धास्त होतो, हे तत्त्व येथे निव्वळ राज्यकारभाराच्या भाषेत आले आहे. त्यात दया नाही, हिशेब आहे. १८६७ च्या कायद्याने ते पाळले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयीच्या अधिनियमाने ते बऱ्याच अंशी पाळले आहे. पैसे लावण्याचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने सरसकट निषिद्ध केले; ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला; खेळणाऱ्याला मात्र शिक्षा सांगितली नाही. शकुनीच्या युक्तिवादाला संसदेने दिलेले हे उत्तर सर्वांना पटलेले नाही आणि त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. मात्र चौबे कॉलोनीतल्या मुलाचा खेळ या कायद्याच्या कक्षेत येत नाही, कारण त्यात पैसे लावलेले नव्हते. पैसे फक्त खर्च झाले होते.

खर्च होणे आणि फसले जाणे यांतील सीमा किती पुसट आहे याचे एक उदाहरण छत्तीसगढातलेच आहे. २०२१ साली कांकेर जिल्ह्यात एका महिलेच्या बँक खात्यातून तीन महिन्यांत ३ लाख २२ हजार रुपये गेले. व्यवहार २७८ झाले होते. ऑनलाइन ठकाचे काम समजून तिने पोलिसांत तक्रार दिली. तपासात निघाले ते असे की बारा वर्षांच्या मुलाने एका मोबाइल खेळात शस्त्रे विकत घेतली होती. ठक कोणीच नव्हता. पैसे नियमाने गेले होते. बारा वर्षांचा मुलगा २७८ वेळा दुकानात गेला असता तर एखाद्या दुकानदाराने तरी त्याला विचारले असते की, बाळ, घरी ठाऊक आहे का?

मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकातला संवाहक येथे आठवतो. देवलांच्या संगीत नाटकामुळे हे कथानक मराठी रसिकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. दहा सुवर्णमुद्रांचे ऋण चुकवून पळालेला संवाहक उलट्या पावलांनी ओसाड देवळात शिरतो आणि मूर्ती बनून उभा राहतो. पाठलाग करणारे, म्हणजे द्यूतगृहाचा मालक माथुर आणि दुसरा जुगारी, ही मूर्ती बोलकी आहे की काय असा संशय आल्यावर तिच्यासमोरच डाव मांडतात. फाशांचा आवाज कानी पडतो आणि मूर्तीला राहवत नाही. प्रेक्षक हसतात, हसता हसता त्यांना कळते की संवाहकाला धरायला बळाची गरजच नव्हती. मोबाइलवर रात्री वाजणारी सूचनेची घंटा, 'तुझे मित्र खेळत आहेत' असे सांगणारी, याच फाशांच्या आवाजाची नक्कल आहे. खेळ सोडलेला माणूस कोठे लपला आहे हे शोधण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

शकुनीने विचारलेला प्रश्न मात्र अजून उभा आहे. जाणत्याने अजाणत्याला भिडणे हे कपट नसेल तर अजाणत्याने खेळावे तरी कसे? मला वाटते, याचे उत्तर महाकाव्यात नाही, स्मृतींत नाही. ते आपल्या अंगणात होते. लपंडाव किंवा पकडापकडी खेळताना सर्वांत लहान मूल हट्ट करून खेळात येई, तेव्हा मोठी मुले त्याला 'कच्चा लिंबू' ठरवीत. कोठे त्यालाच लिंबूटिंबू म्हणत. कच्चा लिंबू धावतो, ओरडतो, पकडला जातो. पण त्याच्यावर राज्य येत नाही. ज्याला रडीचा डाव खेळायचा असेल त्याला वगळले जाई, पण कच्च्या लिंबाला कोणी वगळत नसे. खेळ शिकण्यासाठी खेळावा लागतो, आणि शिकत असता हरण्याची किंमत मोजायला लावू नये, एवढी साधी व्यवस्था मुलांनी कोणाही आचार्याच्या साहाय्यावाचून केलेली होती. शब्दांची तुलना पाहण्यासारखी आहे. 'नूब' आणि 'कच्चा लिंबू' हे दोन्ही एकाच माणसाचे नाव. पहिले त्याला हिणवते, दुसरे त्याला आडोसा देते. चौबे कॉलोनीतल्या त्या मुलाला पहिला शब्द येत होता. दुसरा त्याने ऐकलेला नव्हता. आजींनी तो सांगितला तेव्हा त्याला हसू आले.

त्यातही एक मेख आहे. नेमबाजीच्या काही लोकप्रिय खेळांत नवशिक्या खेळाडूपुढे माणसांऐवजी यंत्रचालित पात्रे सोडली जातात. ती मंदपणे चालतात, वाईट नेम धरतात आणि सहज मरतात. नवशिक्याला वाटते आपण जिंकलो. मुलांच्या बोलीत कमकुवत खेळाडूला 'बॉट' अशी शिवी आहे ती यामुळेच. ही कच्च्या लिंबाचीच सोय म्हणावी का? नागपूरच्या त्या व्यापाऱ्यालाही आधी जिंकणेच दिसले होते. आणि पैशांच्या खेळांत तर याहून वाईट घडते असे आरोप आहेत: नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने एका कंपनीसंबंधी म्हटले की ग्राहकांना माणसांशी खेळतो आहोत असे वाटत असता त्यांना नकळत संगणकाच्या प्रणालीशी खेळवले जात होते. कच्चा लिंबू कोण आहे हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. त्याला स्वतःलाही बहुधा ठाऊक असे, आणि एक दिवस चिडून तो म्हणे, मी आता कच्चा लिंबू नाही, माझ्यावरही राज्य द्या.

महिनाभराने पुन्हा त्या घरी गेलो तेव्हा मुलाने नवे खाते उघडलेले होते. परवलीचा शब्द कोणालाही न सांगण्याची शपथ आजींनी घालून घेतली होती. पहिल्या आठवड्यात आपण बहुतेक सगळे डाव जिंकले, असे तो उत्साहाने सांगू लागला. समोरचे खेळाडू कदाचित यंत्रे असतील, असे मी म्हटले. तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि मग त्याने विचारले, "पण मग त्यांनी तसं सांगितलं का नाही?"